फ्रिजचा भाव घरबसल्या काढायचाय? आधी मॉडेल नंबर

‘नेटवर बघ ना, स्वस्त कुठे ते कळतं,’ असं सांगणाऱ्याने बहुधा स्वतः फ्रिज घेतलेला नसतो. नात्यागोत्यातले सात-आठ फ्रिज मी फोनवरून भाव काढून ठरवलेत, म्हणून सांगतो.

किती लिटर आणि किती स्टार, हे घरात भांडून आधीच ठरवा.

आता मॉडेल नंबर. सगळा घोळ इथेच होतो. बहिणीच्या फ्रिजच्या वेळी मी कंपनीचं नाव, लिटर आणि ‘३ स्टार’ एवढंच टाकून भाव काढले. एका दुकानात २,२०० रुपये कमी निघाले. टेम्पो ठरवून गेलो, तर समोर आधीच्या वर्षीचं मॉडेल! नंबरातलं शेवटचं एक अक्षर वेगळं. दुकानदार खोटं बोललाच नव्हता, मीच अर्धवट विचारलं होतं.

रंग, दाराचा प्रकार, कधीकधी साल, हे सगळं त्या नंबराच्या शेपटात असतं. म्हणून कंपनीच्या साइटवरून अख्खा नंबर कॉपी करा आणि तोच सगळीकडे शोधा. ‘तोच आहे हो, फक्त रंग वेगळा’ यावर विश्वास ठेवू नका. स्टारचं लेबल मोठं करून वाचा. त्यावर लेबलचा कालावधी आणि वर्षाला किती युनिट वीज, दोन्ही छापलेलं असतं. स्टारचे निकष मध्येच कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे ३ स्टार आणि नव्याचे ३ स्टार एकच असतील असं नाही.

खरेदीच्या साइटवर पिनकोड टाका. ठळक आकड्यात कार्डाची किंवा जुन्या फ्रिजची सूट धरली असेल तर ती न धरता भाव लिहा. एमआरपीवर किती टक्के सूट, हे तर बघूच नका.

मग नकाशावरून जवळच्या दुकानांचे नंबर घ्या. फोन १ ते ४ मध्ये करू नका. का, ते पुणेकराला सांगायला नको. ‘बेस्ट प्राइस काय?’ असं विचारलंत तर हवेतला आकडा मिळतो. ‘जीएसटी बिलासकट, तिसऱ्या मजल्यावर घरपोच, जुना फ्रिज न देता, एकूण किती?’ असं विचारा आणि उत्तर मॉडेल नंबरासकट व्हॉट्सॲपवर मागा. लिहून द्यायला जो कां-कूं करतो, त्याला यादीतून काढा.

माल आला की सही करण्याआधी खोक्यावरच्या स्टिकरचा नंबर त्या मेसेजशी ताडून बघा. टेम्पोवाला घाई करेल, करू दे.