खलनायकाचं नाव घडवताना: सोलापुरी कानाची कसोटी

एकांकिका असो, बालनाट्य असो की कादंबरी, खलनायकाचं नाव बहुतेक जण घाईत उरकतात. ट, ठ, ड, ढ यांतली दोन-तीन अक्षरं घ्यायची, एखादा रफार चढवायचा आणि झाला राक्षस तयार. सोलापुरात हा हिशेब लगेच चुकतो. ‘ड्ड’ हा मराठीतला चांगला दणकट जोडध्वनी. पण इथल्या पोराच्या कानावर तो पडला की त्याला गड्डा आठवतो, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदान आणि उंच पाळणे. ज्या ध्वनीने दचकायचं, तोच इथं जत्रेचा. त्यात शहरभर मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू बोलली जाते. त्यामुळे प्रेक्षागृहात एकच नाव चार तऱ्हांनी ऐकलं जातं. नाव घडवायचं ते हे धरूनच.

आधी खलनायकाची जात ठरवा

जात म्हणजे वृत्ती. अंगबळावर दहशत बसवणारा आणि डोक्याने माणसं संपवणारा, या दोघांना एकाच मुशीतलं नाव चालत नाही. पुराणं बघा. घटोत्कच, हिडिंब, महिषासुर, शूर्पणखा, त्राटिका यांत महाप्राण (ख, घ, भ यांसारखी हवेच्या जोराची अक्षरं), मूर्धन्य (ट, ड, ण यांसारखी), जोडाक्षरं भरलेली आहेत. शकुनी आणि मंथरा ही नावं मात्र हलकी, जवळजवळ गोड आहेत, कारण त्या दोघांची ताकद गदेत नव्हती. कानात बोलून घरं फोडली. रावण तर र, व, ण एवढ्यावरच उभा आहे. तिथं भीती कथेने भरली, अक्षरांनी नाही. नवीन खलनायकाला ही सोय नसते. त्याची कथा अजून कुणाला ठाऊक नाही, म्हणून पहिल्या प्रवेशात नावालाच काम करावं लागतं.

कोणता ध्वनी काय करतो

स्वरांपासून सुरुवात करा, कारण आकार स्वर ठरवतात. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी १९२९ मध्ये लोकांपुढे ‘मिल’ आणि ‘माल’ असे निरर्थक शब्द ठेवले आणि मोठी वस्तू कोणती ते विचारलं. कल ‘माल’कडे होता. आ, ओ, ऊ यांनी माणूस थोराड वाटतो. इ, ई यांनी बारीक, चपळ, टोकदार वाटतो. त्यामुळे पहिलवानी खलनायकाच्या ठसठशीत अक्षरात आ किंवा ओ हवा. ई ठेवायची तर चाकू चालवणाऱ्या किडकिडीत हस्तकाला ठेवा.

व्यंजनांत दोन वेगळे परिणाम आहेत आणि ते सर्रास एकमेकांत मिसळले जातात. क, ट, त, प ही अघोष, म्हणजे स्वरतंतू न थरथरता निघणारी, व्यंजनं धार देतात. मानसशास्त्रज्ञ व्होल्फगांग क्योलर यांच्या १९२९ च्या प्रसिद्ध प्रयोगात ‘ताकेते’ हा शब्द लोकांनी कोनदार आकृतीला जोडला, तो याच धारेमुळे. ग, ड, द, ब आणि त्यांचे महाप्राण घ, ढ, ध, भ वजन देतात. यामागे शरीराचं कारण आहे: घोष व्यंजन उच्चारताना तोंड बंद असूनही स्वरतंतू थरथरत ठेवावे लागतात, त्यासाठी आतली पोकळी किंचित फुगते आणि आवाजाची पट्टी खाली येते. खालची पट्टी म्हणजे मोठं धूड, हे कानाला शिकवावं लागत नाही. म्हणून मारेकऱ्याला क-ट, धटिंगणाला घ-ड.

स, श, ह यांचा परिणाम तिसराच. यांत स्फोट नाही, नुसती हवा आहे. कुजबुज, सरपट, दबा धरणं, हे सगळं इथं येतं. म, ल, य, व, न मात्र माणूस मऊ करतात. खलनायकाच्या नावात ते असावेत, पण नावाची सुरुवात त्यांनी करू नये.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त ओज गुणासाठी, म्हणजे भाषेतल्या जोरकसपणासाठी, जी सामग्री दिली, ती आजही कामाची आहे: टवर्ग, श आणि ष, वर किंवा खाली जोडलेला र, आणि एकाच वर्गातल्या अल्पप्राणाला जोडलेला महाप्राण, म्हणजे च्छ, ट्ठ, द्ध असे. माधुर्यासाठी त्याने टवर्ग टाळायला सांगितला. श्रुतिकटुत्व, म्हणजे कानाला कर्कश लागणं, त्याच्या लेखी दोष. पण रौद्रासारख्या रसात तो दोष राहत नाही. फक्त हा संस्कृत कान आहे. मराठीत ड, ण, ळ उठता-बसता येतात, आणि तेलुगू-कन्नड घरांत द्वित्त, म्हणजे दुहेरी व्यंजन, रोजचं. मल्लप्पा, सिद्धप्पा, अण्णा, अक्का: प्रत्येकात जोडलेला ध्वनी आहे आणि प्रत्येकात जिव्हाळा किंवा मान आहे. तेव्हा नुसत्या द्वित्तावर भरवसा ठेवून सोलापुरात भीती निर्माण होत नाही.

एक नाव घडवून बघू

बालनाट्यासाठी राक्षस हवाय असं धरा. मुद्दाम ‘मलय’ या अगदी मवाळ नावापासून निघू आणि एका वेळी एकच ध्वनी बदलू. दोन बदल एकदम केले तर कशाने काम झालं ते कळत नाही.

पहिलं व्यंजन जड करू: ‘घलय’. वजन आलं, पण शेवट अजून लाडिक. मधला ल कडक करावा तर ‘घडय’ होतं आणि पोरांना घड्याळ आठवतं. स्वर मोठा करून ‘घोडय’ केलं तर घोडा खिंकाळतो. इथं बहुतेक लेखक अडकतात: ध्वनी बरोबर असतो, पण शेजारचा ओळखीचा शब्द नाव गिळतो. घ सोडा, ध घ्या: ‘धलय’. ल च्या जागी र: ‘धरय’. आता शेवटाला अनुस्वारासह ड: ‘धरंड’. दंड, खंड, गुंड या शब्दांत हा ‘ंड’ आधीच बसलेला आहे, त्यामुळे नाव परकं वाटत नाही. आणखी एक पाऊल, पहिल्या अक्षराला उ: ‘धुरंड’. आता शेजारचा शब्द धूर आहे, आणि तो आपल्या बाजूने काम करतो. इथं थांबा.

थांबायचं का, तर कडक खुणा मोजा. एक महाप्राण, एक ‘ंड’. तीन अक्षरांच्या नावात दोन खुणा पुरतात. तिसरी घातली की ‘ढ्रुरंड’सारखं काहीतरी होतं आणि प्रेक्षक हसतात. तसंच अक्षरांची जोडी पुन्हा वापरू नका. खडखड, कडकड, टकटक ही आपल्याकडे नादानुकारी शब्दांची घडण आहे. ‘धडधड’ नावाच्या राक्षसाला कोण भिणार?

प्रत्यय लावून बघा

नाव एकटं क्वचितच येतं. गोष्टीत ते पानोपानी -ने, -ला, -चा घेऊन येतं, आणि जीभ अडखळते ती तिथं. ‘झोर्क’ कागदावर भारी दिसतं. ‘झोर्कने’ म्हणून बघा. र, क, न सलग आले आणि नट घाईत ‘झोरकने’ म्हणून मोकळा.

याहून महत्त्वाची गोष्ट सामान्यरूपाची. आपण ‘कंसाने’, ‘रावणाला’ म्हणतो, पण ‘रमेशने’, ‘राकेशला’. जुनं, पौराणिक नाव सामान्यरूप घेतं. आजच्या माणसाचं घेत नाही. म्हणजे ‘धुरंडाने गाव जाळलं’ आणि ‘धुरंडने गाव जाळलं’ ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिला दंतकथेतला, दुसरा गल्लीतला. यातलं एक निवडा आणि संहितेत शेवटपर्यंत तेच ठेवा. मिसळलं की वाचकाला कारण कळत नाही, पण काहीतरी घसरलंय हे जाणवतं.

मग -या लावा. मराठी माणूस ज्याला भीत नाही त्याला -या लावतो: गण्या, बाळ्या. ‘धुरंड्या’ सहज होतं, म्हणजे हा राक्षस शेवटी फजित होणार असेल तरच हे नाव योग्य. पोरं पहिल्या अंकात ‘धुरंड’ म्हणून दबकतील आणि तिसऱ्यात ‘ए धुरंड्या’ म्हणून ओरडतील. हा फायदा फुकट मिळतो. ज्याची दहशत शेवटपर्यंत टिकवायची आहे, त्याच्या नावाला -या सहज चिकटत नाही ना, ते आधी बघा.

बोलीतही म्हणून बघा. “धुरंड यायलाय बे, पळ!” हे एका दमात निघालं पाहिजे.

मवाळ नावाचा दुष्ट

डोक्याने मारणारा खलनायक जास्त अवघड आणि आमच्या मते जास्त भीतिदायक. यंत्रमागाच्या वस्तीत व्याजाने पैसे देणारा सावकार घ्या. त्याचं नाव ‘सुहास’ ठेवा: स, ह, स. एकही स्फोट नाही, नाव कुजबुजीतच बोलावं लागतं. अर्थही प्रसन्न. त्याला सगळे ‘मालक’ म्हणतात, आणि सोलापुरात मालक ही कुणालाही मारायची साधी हाक आहे. आता त्याच्या तोंडी एकही चढा आवाज देऊ नका. कडक ध्वनी त्याच्या माणसांना द्या, म्हणजे दारात ‘टोका’ उभा राहतो आणि आत ‘सुहासमालक’ चहा विचारतात. दोन नावांतलं अंतर जितकं जास्त, तितका मालक गार वाटतो.

बाईच्या बाबतीत हीच युक्ती ‘अक्का’ने साधते. ‘सुमन’ मऊ आहे. ‘सुमनअक्का’त शेवटी क्क आपटतो, आणि हाक आदराचीच राहते.

आडनाव शक्यतो देऊच नका. सोलापुरात आडनाव ऐकलं की माणूस कुठल्या समाजाचा, घरात कोणती भाषा, हे ऐकणाऱ्याने ताडलेलं असतं. कानाला कडक लागतं म्हणून तेलुगू किंवा कन्नड वळणाचं आडनाव दुष्टाला चिकटवणं हा आळस आहे, आणि पहिल्या चार रांगांत त्याच आडनावाची माणसं बसलेली असतात. त्याऐवजी धंदा, हुद्दा किंवा जागा वापरा: वाड्यावरचे, गोदामवाले.

चार कानांची चाचणी

आठ जण गोळा करा. त्यांत किमान दोघे तेलुगू घरातले, दोघे कन्नड घरातले आणि एक तरी दखनी बोलणारा असावा. आठ नावांची यादी करा: चार तुमची, चार साधी, बनावट. यादी अशा माणसाकडून वाचून घ्या ज्याला खलनायकाचं नाव कोणतं ते ठाऊक नाही. लेखकाने स्वतः वाचलं की आवाज आपोआप खाली जातो आणि निकाल फुकट जातो.

‘भीती वाटते का?’ असं विचारू नका. विचारलं की हो म्हणतात. विचारा: हा किती उंच? काय धंदा करतो? ओरडतो की हळू बोलतो? आणि शेवटी, नाव ऐकून आधी काय आठवलं? आठांपैकी पाच जणांची उत्तरं एका दिशेला गेली तर नाव ठेवा. शेवटच्या प्रश्नाला दोघांनी जरी हसून उत्तर दिलं, तरी ते नाव सोडा.

हसण्याची कारणं बहुधा शेजारच्या भाषेत सापडतात. ‘कोंडा’ तेलुगूत डोंगर, मराठीत डोक्यातला. ‘गुड्ड’ कन्नडमध्ये टेकडी, पण तेलुगूत ‘गुड्डु’ म्हणजे अंडं. ‘नरी’ कानाला गरीब वाटते. कन्नड कानाला मात्र तो कोल्हा, म्हणजे लबाडाला छान. ‘कत्ती’ हे टोपणनाव तिन्ही भाषांत कापणारं हत्यारच राहतं, असं घबाड क्वचित मिळतं. शिव्यांची तपासणीही याच बैठकीत उरकून घ्या; ती शब्दकोशातून होत नाही.

रंगमंच आणि छपाई

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या प्रेक्षागृहात माइकशिवाय प्रयोग असेल तर स-श वर उभं नाव मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. उच्च कंपनांचे हे ध्वनी माणसांच्या गर्दीत शोषले जातात. आ सगळ्यात लांब जातो. ‘सुहास’ म्हणूनच तगतो, त्याचं वजन ‘हा’वर आहे. कॉलर माइक असेल तर उलटी अडचण: स शिट्टीसारखा टोचतो. तालमीतच ध्वनिसंयोजकाला नाव ऐकवा.

च, ज, झ यांच्यापासून सांभाळून. लिपीत एकच अक्षर, उच्चार दोन: चोर आणि चंद्र, जग आणि जय. ‘जखार’ हे नाव अर्धे वाचक ‘जग’मधल्या ज ने वाचतील, अर्धे ‘जय’मधल्या. तालव्य, म्हणजे ‘जय’मधला, उच्चार हवा असेल तर पुढे इ, ए किंवा य द्या. दंत्य, म्हणजे ‘जग’मधला, हवा असेल तर लिपीत सोय नाही; दोन्ही उच्चार चालणार असतील तरच ते अक्षर सुरुवातीला ठेवा. मधल्या अ चंही तसंच: ‘मरगड’ लिहिलं तरी लोक ‘मर्गड’च वाचतात.

शेवटी नाव दहा पॉइंटात छापून हातभर लांबून बघा. ध चा घ होतो का, भ चा म होतो का, ख फुटून ‘रव’ दिसतो का. ‘धुरंड’ बारीक अक्षरात ‘घुरंड’ वाचला जात असेल तर टंक बदला. नायकाचं नाव मात्र ध, घ, भ, म यांतल्या कशानेही सुरू करू नका.