‘गेट’चा अर्थ अडला तर पुढचा शब्द बघा

इंग्रजी उतारा वाचताना ‘गेट’ किंवा ‘गॉट’ आलं की मुलं सरसकट ‘मिळणे’ लावतात आणि वाक्य फसतं. शब्दकोशात अर्थांची भलीमोठी यादी असते, ती पाठ करू नका. लगेच पुढे काय आलंय ते बघा.

१. वस्तू आली तर मिळणे किंवा आणणे. ‘शी गॉट अ लेटर’: तिला पत्र मिळालं.

२. विशेषण आलं तर होणे. ‘इट गॉट डार्क’: अंधार झाला.

३. ‘टू’ आणि ठिकाण आलं तर पोहोचणे. ‘वुई गॉट टू नाशिक’: आम्ही नाशिकला पोहोचलो.

४. ‘टू’ आणि क्रियापद आलं तर संधी मिळणे. ‘आय गॉट टू मीट हर’: मला तिला भेटायला मिळालं. हे आपल्या मराठीशी छान जुळतं, मुलांना पटकन कळतं.

५. माणूस, मग ‘टू’ आणि क्रियापद आलं तर करवून घेणे. ‘गेट हिम टू साइन’: त्याची सही घे.

‘हॅव गॉट’ मात्र वेगळं. तिथे मागचा शब्दही बघावा लागतो. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, आणि ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जावंच लागेल.

एक सांभाळा: पुढे ‘ओव्हर’, ‘बाय’, ‘अलाँग’ असे शब्द आले तर अंदाज नको. ‘गेट बाय’ म्हणजे कसंबसं भागवणं. अशा जोड्या शब्दकोशातच बघा.