विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्वयंपाकाचं विज्ञान कसं शोधावं

स्वयंपाकाच्या विज्ञानावरची पुस्तकं विद्यापीठाच्या ग्रंथालयात भरपूर असतात, फक्त ती एका जागी नसतात. पाककृतींच्या कपाटापाशी जाऊन चार पुस्तकं चाळायची आणि रिकाम्या हातानं परतायचं, असं पुष्कळांचं होतं. त्यात वाचकाचा दोष नाही. पाककला, अन्नतंत्र, जीवरसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्र असे चार शेजारी ग्रंथालयानं वेगवेगळ्या मजल्यांवर बसवलेले असतात.

आधी प्रश्न ठरवा

'स्वयंपाकाचं विज्ञान' एवढा मोठा विषय घेऊन आत शिरू नका, एक प्रश्न घेऊन जा. उदाहरणार्थ, रात्रभर भिजवलेलं कडधान्यसुद्धा कधीकधी कितीही शिजवलं तरी कडकच का राहतं? हा प्रश्न कागदावर लिहा आणि त्याखाली संबंधित शब्द मांडा: पेक्टिन, पेशीभित्तिका, स्टार्च, कॅल्शियम, आम्लता, पाण्याचा जडपणा (त्यातल्या क्षारांचं प्रमाण). हे शब्द माहीत नसतील तर आधी एखादं सर्वसमावेशक पुस्तक उघडा. हॅरल्ड मॅकगी यांचं 'ऑन फूड अँड कुकिंग' बऱ्याच ग्रंथालयांत असतं. ते १९८४ साली आलं आणि २००४ च्या आवृत्तीसाठी जवळजवळ नव्यानं लिहिलं गेलं, म्हणून २००४ चीच प्रत मागा. हे पुस्तक सलग वाचायची गरज नाही. शेवटच्या विषयसूचीत 'पेक्टिन' काढा, दिलेली पानं वाचा आणि तिथले नवे शब्द आपल्या कागदावर उतरवा.

कुठल्या कपाटांकडे जायचं

ग्रंथालय ड्यूई दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची पद्धत, वापरत असेल तर ६४१.५ हा वर्गांक पाककलेचा. इथे बहुतेक पाककृतींची पुस्तकं असतात, पण त्यांच्यातच अधूनमधून विज्ञानाची चांगली पुस्तकंही सापडतात. थोडं अलीकडे ६४१.३ वर खाद्यपदार्थांविषयीची पुस्तकं मिळतील. माझ्या मते खरं घबाड ६६४ वर असतं. हा अन्नतंत्रज्ञानाचा वर्गांक आहे. पीठ, साखर, तेल, दूध, मांस शिजताना त्यांचं काय होतं याची सविस्तर चर्चा तिथे असते. ही पुस्तकं कारखान्यासाठी लिहिलेली असतात म्हणून सामान्य वाचक तिकडे फिरकत नाही. पण स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात तेव्हा ते पातेल्यात आहेत की कारखान्याच्या टाकीत, यानं काही बदलत नाही.

जीवरसायन ५७२ वर असतं. मात्र १९९६ च्या आधी वर्गीकरण झालेली पुस्तकं जुन्याच क्रमांकानं ५७४ वर राहिलेली असू शकतात, तेव्हा दोन्हीकडे पाहा. फेस, पायस (तेल-पाण्यासारखं एकजीव केलेलं मिश्रण), जेली यांचं शास्त्र भौतिक रसायनात, म्हणजे ५४१ वर सापडेल. पचन आणि आहार ६१२ व ६१३ वर.

लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या ग्रंथालयाचं, अक्षरांवर आधारलेलं वर्गीकरण असेल तर पाककला 'टीएक्स' या अक्षरांखाली, अन्नप्रक्रिया 'टीपी' खाली आणि सूक्ष्मजीवशास्त्र 'क्यूआर' खाली येतं. 'टीएक्स ६५१' च्या आसपासची फळी नीट पाहा, कारण स्वयंपाकामागच्या विज्ञानाची सर्वसाधारण पुस्तकं तिथे एकत्र येतात.

संगणकावरच्या सूचीत शोधताना शीर्षकापेक्षा विषयशीर्षकावर, म्हणजे नोंदीत पुस्तकाचा विषय सांगणाऱ्या ठरीव शब्दांवर, भर द्या. इंग्रजी सूचीत 'कुकिंग' आणि 'कुकरी' हे दोन्ही शब्द टाका. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१० मध्ये जुनं 'कुकरी' बदलून 'कुकिंग' केलं, पण जुन्या नोंदी सगळीकडे सुधारल्या गेल्या असतील असं नाही. एक उपयोगी पुस्तक सापडलं की त्याच्या नोंदीतली विषयशीर्षकं टिपून त्यांवरून पुढचा शोध घ्या. आणि प्रत्यक्ष फळीपाशी गेल्यावर डावी-उजवीकडची पुस्तकं हातात घेऊन पाहाच. सूचीत कधीच न भेटणारं पुस्तक असं मिळतं.

साल पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. या विषयात चुकीच्या समजुती फार चिवट असतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ मध्ये मांडलं, की मांसाला आधी कडक आच दिली तर पृष्ठभाग गोठतो आणि रस आतच राहतो. पुढे लोकांनी मांस भाजण्याआधी आणि नंतर तोलून पाहिलं, तेव्हा कडक आचेनं रस अडत नाही हे उघड झालं. त्या आचेनं चव मात्र खरोखर खुलते, पण तिचं कारण पृष्ठभागावरची मेलार्ड अभिक्रिया आहे. अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली ही अभिक्रिया लुई-कामिय मेलार्ड यांनी १९१२ मध्ये वर्णिली. इतक्या काळानंतरही रस अडण्याचा दावा नव्याजुन्या पाकपुस्तकांत आढळतो.

आपल्या कडधान्याच्या प्रश्नावरही असाच झगडा आहे. मिठानं दाणा कडक होतो, म्हणून मीठ शेवटी घाला, असं कित्येक पुस्तकं सांगतात. रसायनाची पुस्तकं याच्या उलट दिशेला नेतात. पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या पेक्टिनमध्ये कॅल्शियम दुवा म्हणून बसलेलं असतं. मिठाच्या पाण्यात भिजवल्यावर सोडियम त्याची काही जागा घेतं, पेक्टिन सैल होतं आणि दाणा लवकर मऊ पडतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि आंबट पदार्थांतलं आम्ल मात्र खरोखर शिजणं लांबवतात. म्हणून प्रत्येक दाव्यासाठी निदान दोन पुस्तकं समोर ठेवा, एक ६४१ मधलं आणि एक ६६४ किंवा ५७२ मधलं. दोघांत मतभेद निघाला तर कोण यंत्रणा, म्हणजे ते कसं घडतं हे, समजावून सांगतं आणि कोण नुसता नियम देतं, ते तपासा. यंत्रणा सांगणाऱ्याला झुकतं माप द्या.

प्रकाशनवर्षही बघा. उदाहरणार्थ, पिष्टमय पदार्थ तळताना-भाजताना तयार होणारं अ‍ॅक्रिलामाइड हे घातक असू शकणारं रसायन अन्नात असतं हे २००२ मध्ये समोर आलं, तेव्हा त्याआधीच्या पुस्तकात ते शोधणं व्यर्थ. अन्नसुरक्षेबाबत तर कायम सर्वांत नवी आवृत्तीच वापरा. पण जुनं म्हणून टाकाऊ असंही समजू नका. फ्रेडरिक अ‍ॅकम यांचं पाकरसायनावरचं १८२१ चं पुस्तक किंवा बेल लो यांचं प्रायोगिक पाककलेवरचं १९३२ चं पाठ्यपुस्तक वाचलं, की प्रश्न कसे विचारले गेले ते कळतं.

पुस्तकांच्या पुढे

पुस्तक जिथे थांबतं तिथे शोधनिबंध सुरू होतात. जुनं, उबदार-दमट जागी साठवलेलं कडधान्य शिजता शिजत नाही, याला संशोधक 'हार्ड-टू-कुक' म्हणतात. ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये हाच शब्द टाका. साठवणीत फायटेटचं (दाण्यातल्या फॉस्फरस साठवणाऱ्या संयुगाचं) विघटन होऊन मोकळं झालेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पेक्टिनला घट्ट करतं, हे त्यावरचं एक स्पष्टीकरण आहे. त्याखेरीज इतरही मांडली गेली आहेत. गोषवारा आणि निष्कर्ष आधी वाचा, मधली कोष्टकं नंतर.

विद्यापीठाचे विद्यार्थी नसाल तरी देवघेव विभागात चौकशी करा. पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या वाचकाला निदान बसून वाचायची परवानगी मिळते. ग्रंथपालाला विषय सांगण्याऐवजी आपला प्रश्न जसाच्या तसा सांगा, म्हणजे ते योग्य कपाटापर्यंत लवकर नेतील. हवं ते पुस्तक तिथे नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज भरा. टिपणात लेखक, आवृत्ती, वर्ष, पान आणि वर्गांक लिहायला विसरू नका. आवृत्ती बदलली की पानं सरकतात आणि तोच उतारा पुन्हा शोधताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.