कॉम्प्युटर बसल्यावर बॅकअपमधून फाईल परत कशा काढायच्या

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचा पीसी सकाळी चालूच होत नाही, किंवा मार्केट यार्डात गुळाचे सौदे सुरू असताना अडत्याच्या टॅलीवर (हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर) निळी स्क्रीन येते. मग घाईघाईने कपाटातली बॅकअपची हार्डडिस्क काढून जोडली जाते, आणि खरं नुकसान बरेचदा तिथूनच सुरू होतं. मशीन कशाने बसलं हे कळेपर्यंत बॅकअपला हात लावू नका. त्या घडीला शाबूत असलेली ती एकमेव प्रत असू शकते.

पंखाच फिरत नसेल तर दोष बहुधा एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) किंवा मदरबोर्डचा असतो. अशा वेळी आतली डिस्क बऱ्याचदा ठीक असते आणि तिच्यावरचा डेटा बॅकअपपेक्षा ताजा असतो. ती काढून साटा-टू-यूएसबी केबलने (डिस्कची साटा पिन यूएसबीला जोडणारी केबल) दुसऱ्या पीसीला लावून आधी बघा. साडेतीन इंची डिस्कला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, अडीच इंचीला लागत नाही. लॅपटॉपच्या एम-टू एसएसडीसाठी (पट्टीसारखी छोटी डिस्क) एन्क्लोजर, म्हणजे यूएसबीची डबी, घेताना ती एनव्हीएमई प्रकारची आहे की साटा, ते स्टिकरवर वाचूनच घ्या.

डिस्क जोडल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर ती बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलुपाने) लॉक आहे. ही की बहुतेक वेळा विंडोज सेटअप करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. ते अकाउंट पीसी बसवून देणाऱ्याच्या ईमेलवर काढलेलं असेल, तर पहिला फोन त्याला करा. 'ड्राइव्ह फॉरमॅट करा' असा मेसेज आला तर कॅन्सल. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि तिच्यावर चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं साधन) अजिबात चालवू नका. चेकडिस्क फाईल सिस्टीम सुरळीत करायला बघतं, तुमचा डेटा वाचवायला नाही, आणि मरत्या डिस्कला तेवढा ताणही पुरतो.

पुराच्या पाण्यात गेलेल्या डिस्कचं वेगळं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, पण ती उन्हात वाळवणं किंवा ड्रायर मारणं चूक आहे. आत गेलेला गाळ वाळून प्लेटरवर (डेटा असलेल्या चकतीवर) घट्ट बसतो. चालू न करता, ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून डेटा रिकव्हरी लॅबला द्या.

फाईलींची नावं बदलली असतील, शेवटी अनोळखी एक्स्टेंशन लागलं असेल आणि फोल्डरात पैसे मागणारी चिठ्ठी असेल, तर ते रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. लॅन केबल आणि वायफाय ताबडतोब तोडा. त्या पीसीला बॅकअप डिस्क क्षणभरही जोडू नका, नाहीतर बॅकअपही जाईल. तो फक्त स्वच्छ पीसीवरच उघडायचा.

कारण कळलं की एक नवी डिस्क आणा. जुन्या डिस्कवर नवी विंडोज टाकू नका, कारण बॅकअपमध्ये काही राहिलं असेल तर ते शोधायची शेवटची जागा तीच आहे. मग बॅकअपची पूर्ण दुसरी प्रत काढा आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करा. बाहेरची डिस्क कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी पोर्टला लावा. पुढच्या पोर्टला कधीकधी करंट कमी पडतो आणि कॉपी अर्ध्यात तुटते. पीसी यूपीएसवर असू द्या, नाहीतर लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. २०० जीबीला यूएसबी ३ वर साधारण ३५ मिनिटं लागतात, यूएसबी २ वर पावणेदोन तास. बारीक फाईली हजारोंनी असतील तर याच्या दुप्पट-तिप्पट धरा. जागा असूनही मोठी फाईल कॉपी होत नसेल तर पेनड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे, त्यावर ४ जीबीच्या वरची एक फाईल मावत नाही.

आता बॅकअप कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा. साधी कॉपी असेल तर काहीच अवघड नाही. 'फाईल हिस्टरी' (विंडोजचा स्वतःचा फाईल-बॅकअप) असेल तर त्या नावाच्या फोल्डरात युजरचं नाव, मग पीसीचं नाव, मग 'डेटा' अशी वाट असते, आणि प्रत्येक फाईलच्या नावात तारीख-वेळ जोडलेली असते. ही वेळ यूटीसीतली (जागतिक प्रमाणवेळेतली) असते, म्हणून साडेपाच तास मिळवा: ०४_३० म्हणजे आपले सकाळचे १०. हे लक्षात न घेता लोक चुकीची आवृत्ती उचलतात. 'विंडोज इमेज बॅकअप' नावाचा फोल्डर, म्हणजे पूर्ण डिस्कची प्रत, असेल तर सगळी सिस्टीम रिस्टोअर करायच्या फंदात पडू नका, त्यात समोरची डिस्क पुसली जाते. फक्त फाईली हव्या असतील तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अॅक्शन, अटॅच व्हीएचडी निवडा, त्या फोल्डरातली सगळ्यात मोठी व्हीएचडीएक्स फाईल (सगळी डिस्क एका फाईलीत) दाखवा आणि 'रीड-ओन्ली'वर टिक करा. ड्राइव्ह दिसला नाही तर राइट क्लिक करून त्याला अक्षर द्या. मग हव्या त्या फाईली उचला.

ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह सिंकवर भिस्त असेल तर आधी सिंक थांबवा. इथे डिलीट झालेली फाईल तिथेही डिलीट होते. वेबसाइटवर लॉगिन करून ट्रॅश बघा. गूगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो, म्हणून हे काम उद्यावर टाकू नका.

टॅलीचा मुद्दा वेगळा सांगायलाच हवा, कारण मदतीसाठी येणारे इथले निम्मे फोन त्यासाठीच असतात. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून रिस्टोअर मिळतं, ईआरपी ९ मध्ये ऑल्ट आणि एफ३. सोर्स म्हणून बॅकअपच्या प्रतीचं फोल्डर द्या, आणि डेस्टिनेशन मात्र नवं, रिकामं फोल्डर असू द्या. त्याच नंबरची कंपनी तिथे आधीच असेल तर रिस्टोअर तिच्यावर चढतं आणि तुमची ताजी एन्ट्री जुन्या बॅकअपखाली जाते. दुसरं, जुन्या आवृत्तीचा डेटा नव्या आवृत्तीत मायग्रेट झाला की तो परत जुन्यात उघडत नाही. अकाउंटंटकडे कोणती आवृत्ती आहे ते आधी विचारा.

डीटीपीवाल्यांच्या फाईली उघडल्यावर मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसली तर घाबरू नका, फाईल बिघडलेली नसते. श्रीलिपीसारखे फॉन्ट नव्या पीसीत टाकले की मजकूर जागेवर येतो. आउटलुकची पीएसटी फाईल (सगळे ईमेल साठवणारी) बॅकअप डिस्कवरूनच उघडू नका, उघडताच तिच्यात लिहिलं जातं. आधी नव्या पीसीत कॉपी करा. फोल्डरात फोल्डर करत फाईलचं वाटेसकट पूर्ण नाव २६० अक्षरांच्या पुढे गेलं की कॉपी अडते. तेव्हा थेट सी ड्राइव्हवर एका अक्षराचं फोल्डर करून त्यात टाका.

फाईल दिसली म्हणजे ती परत आली असं धरू नका. पीडीएफ, एक्सेल आणि फोटो प्रत्येकी दहा-बारा उघडून बघा, वेगवेगळ्या वर्षांतले. टॅलीत शेवटच्या व्हाउचरची तारीख, ट्रायल बॅलन्स आणि रोख शिल्लक हातातल्या कागदाशी ताडा. बॅकअप ज्या दिवसाचा आहे त्यापासून बिघाडापर्यंतची पोकळी बॅकअप भरत नाही, ती तुम्हालाच भरायची. ग्राहकांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेली बिलं, बँक स्टेटमेंट आणि जीएसटी पोर्टलवरचे भरलेले रिटर्न यांवरून ती भरता येते. खरेदीची बाजू जीएसटीआर-२बी वर (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या यादीत) मिळते. मासिक रिटर्न भरणाऱ्यांचा जीएसटीआर-३बी (कर भरायचा रिटर्न) २० तारखेला असतो, म्हणून तारीख जवळ असेल तर आधी विक्रीची बिलं टाका, बाकी सावकाश.