वीजजोडणी नसलेल्या मुक्कामी मोटरहोमची बॅटरी पुरवायची कशी

पहाटे साडेतीनला फ्रिजची घरघर थांबली आणि मला जाग आली. मीटरवर १०.६ व्होल्ट. मुक्कामाची ती दुसरीच रात्र. टॉर्च घेऊन शोधायला लागलो, तर सीटखाली इन्व्हर्टरचा, म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टपासून घरगुती वीज करणाऱ्या डब्याचा, हिरवा दिवा जळत होता. त्याला काहीच लावलेलं नव्हतं, पण नुसता चालू राहायलाच तो दीड अँपिअर खात होता. छत्तीस तासांत ५४ एएच (अँपिअर-तास) झाले! माझी बॅटरी १०० एएचची लेड-ॲसिड. ती निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाताशी ५० एएचच. माझा अख्खा वाटा त्या दिव्याखालीच संपला होता.

तेव्हापासून मी वही ठेवतो. वॅटला १२ ने भागलं की अँपिअर, त्याला तासांनी गुणलं की एएच. कॉम्प्रेसरचा फ्रिज ४५ वॅटचा असेल तर चालताना चारेक अँपिअर घेतो आणि दिवसातला तिसरा हिस्सा ते निम्मा वेळ चालतो. म्हणजे ३० ते ४५ एएच एकट्या फ्रिजचे. चार वॅटचा एलईडी दिवा पाच तासांत दोन एएचसुद्धा खात नाही. पाण्याचा पंप पाच अँपिअरचा, पण दिवसभरात चालतो जेमतेम दहा मिनिटं. त्यामुळे अंधारात बसू नका, फ्रिजकडे बघा. आत हवा खेळती ठेवा, गरम भांडं ठेवू नका. फ्रिज गॅसवरही चालणारा असेल तर मुक्कामी गॅसवरच ठेवा. १२ व्होल्टवर तो सलग दहा अँपिअर ओढतो, ते फक्त इंजिन चालू असताना परवडतं.

विजेवर तापणारं काहीही इन्व्हर्टरवर लावू नका. हजार वॅटच्या किटलीत एक लिटर पाणी उकळलं की दहाएक एएच गेले. चहा गॅसवर करा. फोन १२ व्होल्टच्या सॉकेटवर लावा आणि लॅपटॉप दुपारी, ऊन छतावरच्या सोलर पॅनेलवर असताना. डिझेल हीटर सुरू होताना काही मिनिटं आठ-दहा अँपिअर घेतो, मग मात्र थोडक्यात भागवतो. सारखा बंद-चालू करण्यापेक्षा तो मंद ठेवलेला बरा.

व्होल्टेज कधी बघायचं, हे फार महत्त्वाचं. ऊन असताना किंवा पंप चालू असताना दिसणारा आकडा फसवतो. मी उजाडण्याआधी, सगळं बंद करून तासाभराने बघतो. लेड-ॲसिडला १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियमवाल्यांना या आकड्यांचा उपयोग नाही. ती बॅटरी बराच काळ १३.२ च्या आसपास दाखवत राहते आणि शेवटी एकदम खाली येते. तिथे शंटवाला मॉनिटरच लागतो, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजून हिशेब ठेवणारा. सगळ्या निगेटिव्ह वायरी शंटमधूनच गेल्या पाहिजेत. एक जरी थेट बॅटरीला जोडली, तरी मॉनिटर खोटं बोलतो. आणि शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करू नका, सेल कायमचे खराब होतात.

भरण्याचीही एक वेळ असते. लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी पटकन भरते, उरलेल्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. त्यामुळे दिवसभर इंजिन चालवून काही साधत नाही. गाडी हलवायची असेल तर मी सकाळी हलवतो, म्हणजे इंजिन पहिला मोठा घास भरतं आणि पुढचं सावकाश काम दुपारचं ऊन करतं. अर्धवट भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली, तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि तिची क्षमता जाते.

गाडी लावताना दहा ते तीन सावली कुठे सरकेल, हे आधी उतरून बघा. एका फांदीची सावलीही अख्ख्या पॅनेलचं उत्पन्न पाडते. पॅनेलवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. आणि झोपण्याआधी सीटखाली वाकून तो हिरवा दिवा विझलाय ना, ते हाताने बटण दाबून तपासा.