रिचार्ज झालं, तरी गेट उघडेना? मेट्रोचं एनसीएमसी कार्ड नेटशिवाय असं चालतं

मोबाइलवरून ५०० रुपये भरले, मेसेजही आला आणि मेट्रोच्या गेटवर मात्र लाल दिवा. कार्ड बिघडलेलं नसतं. पैसे अजून चिपवर उतरलेले नसतात, एवढंच.

एनसीएमसी म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड. मार्च २०१९मध्ये सुरू झालेलं हे रुपे कार्ड मुंबई-पुण्याच्या मेट्रोत चालतं. दुकानात डेबिट कार्ड लावलं की मशीन बँकेला विचारतं; इथे मागे रांग उभी, विचारत बसायला वेळ कुठला? म्हणून प्रवासाची शिल्लक थेट चिपमध्येच असते, जास्तीत जास्त २००० रुपये. कार्ड अस्सल आहे की नाही, हे गेट चिपमधल्या डिजिटल सहीवरून ओळखतं. ती सही तपासायची किल्ली गेटमध्ये आधीच भरलेली असते. झालेले व्यवहार गेट साठवून ठेवतं आणि मागाहून पाठवतं, त्यामुळे भाड्याचा मेसेज उशिरा आला तरी गोंधळू नका.

१. पैसे भरा. स्टेशनच्या खिडकीवर भरलेत तर तिथेच चिपवर चढवून मिळतात. पहिल्यांदा हेच करा.

२. अ‍ॅपवरून भरलेत तर चिप अपडेट करा. त्यासाठी स्टेशनवरचं मशीन असतं. काही बँकांच्या अ‍ॅपमध्ये एनएफसीवाल्या (टेकवलेलं कार्ड वाचू शकणाऱ्या) फोनच्या पाठीला कार्ड टेकवूनही जमतं. नवी शिल्लक दिसेपर्यंत कार्ड हलवू नका. सगळ्यात जास्त लोक अडतात ते याच पायरीवर.

३. गेटवर कार्ड पाकिटातून बाहेर काढा. दोन कार्डं एकावर एक असली की रीडरला धड एकही वाचता येत नाही. बीप वाजेपर्यंत कार्ड टेकवून ठेवा, ओझरतं फिरवू नका. आत शिरताना चिपवर स्टेशनची नोंद होते, बाहेर पडताना भाडं वजा होतं.

४. कुणाच्या तरी पाठोपाठ, टॅप न करताच बाहेर पडलात तर चिपच्या लेखी तुम्ही अजून आतच आहात. पुढच्या वेळी गेट अडवणारच. खिडकीवर कार्ड द्या, नोंद दुरुस्त करून मिळते.

कार्ड हरवलं तर बँकेला कळवून लगेच ब्लॉक करा. खात्यातले पैसे वाचतील. चिपवरच्या शिल्लकीला मात्र पिन नसतो, ती ज्याच्या हाती त्याची. ती सहसा परत मिळत नाही. त्यामुळे २००० भरता येतात म्हणून भरू नका, आठवड्याच्या भाड्यापुरते ठेवा.