आधी अबोला मिटवावा: दुरावलेल्या बालमित्राच्या प्रेमात पडलेल्यांसाठी

लहानपणी चाळीच्या एकाच गॅलरीत वाढलेली दोन मुले पुढे कधीतरी दुरावतात, दहा-पंधरा वर्षे एकमेकांची विचारपूसही करत नाहीत, आणि मग एखाद्याच्या लग्नात किंवा दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात समोरासमोर आल्यावर दोघांच्याही मनात मैत्रीपलीकडचे काहीतरी जागे होते. हे आपल्याला वाटते तितके दुर्मीळ नाही. असे प्रेम नीट मार्गी लागणे मात्र दुर्मीळ आहे, आणि माझ्या पाहण्यात त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे प्रेमाच्या भरात जुना अबोला मिटवायचा राहून जातो. आपण आता एकमेकांना आवडतो, म्हणजे जुने सगळे आपोआप मिटले, असे दोघेही धरून चालतात आणि पुढे दुसऱ्या-तिसऱ्या भांडणात ते प्रकरण जसेच्या तसे बाहेर येते. मी स्वतः अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर माझ्या बालमित्राशी लग्न केले आहे, आणि पुढे सांगितलेल्या गोष्टींपैकी निम्म्या तरी आधी चुकून मग शिकले आहे.

समोरच्याला निरोप पाठवण्याच्याही आधी, अबोला नेमका कशाने पडला हे एका कागदावर लिहून काढावे. बालपणीच्या भांडणाची हकिगत आपण स्वतःला इतक्यांदा सांगितलेली असते की तिच्यातला आपला दोष केव्हाच गळून गेलेला असतो. लिहिताना तो परत सापडतो. काही दुरावे खरे तर भांडणे नसतातच. चाळ पुनर्विकासाला गेली आणि एक कुटुंब डोंबिवलीला, दुसरे विरारला राहायला गेले, किंवा मुलगी नववीत गेल्यावर तिच्या आईने "आता पुरे झाले त्याच्याबरोबर हुंदडणे" असे बजावले, तर तिथे मिटवण्यासारखे फारसे नसते. मोठ्यांच्या भांडणातून आलेला अबोला याहून अवघड असतो, कारण त्यात दोन्ही मुलांनी आपापल्या घराची बाजू निमूटपणे उचललेली असते. आमच्या दोघांच्या आयांमध्ये भिशीच्या पैशांवरून वाजले, त्या संध्याकाळी तो जिन्यात भेटला आणि मी मान फिरवून निघून गेले. भिशीचा हिशेब सहा महिन्यांत मिटला, फिरवलेली मान अकरा वर्षे तशीच राहिली. आणखी एक प्रकार असतो, ज्यात एकाने दुसऱ्याला खरोखर दुखावलेले असते: विश्वासाने सांगितलेली गोष्ट वर्गात फोडलेली असते, चिठ्ठी बाईंच्या हाती दिलेली असते, किंवा घरात कुणी गेले तेव्हा साधे भेटायलाही गेलेले नसते. आपला दुरावा यांपैकी कोणता, हे स्वतःशी ठरल्याखेरीज पुढचे पाऊल टाकू नये.

पहिला निरोप चार ओळींचा असावा आणि तो फक्त त्या व्यक्तीलाच जावा. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जुना फोटो टाकून त्याखाली सूचक काही लिहिणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण तिथे चाळीस जण मजा बघायला बसलेले असतात आणि समोरच्याला नाही म्हणायला जागाच उरत नाही. संबोधनाचाही विचार करावा. एके काळच्या जिवलग मित्राला "अहो, तुम्ही" लिहिले तर टोमणा वाटतो आणि थेट घरातले टोपणनाव घेतले तर हक्क गाजवल्यासारखे होते. साधे नाव आणि "तू" एवढे पुरते. निमित्त हवेच असेल, तर आपल्याकडे त्यासाठी एक सण तयार आहे. संक्रांतीला तिळगूळ देऊन "गोड बोला" म्हणण्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही, आणि तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येत असल्यामुळे धीर गोळा करायलाही थोडे दिवस मिळतात. उत्तर आले नाही, तर महिन्याभराने एकदाच पुन्हा विचारावे, आणि तेव्हाही आले नाही, तर तेच उत्तर समजून थांबावे.

जुन्या प्रकरणाविषयीचे बोलणे पहिल्या दोन-तीन भेटींतच, प्रत्यक्ष समोर आणि शक्यतो चालता चालता व्हावे. शेजारी-शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, त्यामुळे लाजिरवाण्या गोष्टी सांगणे सोपे जाते. आपली चूक आधी सांगावी, आणि ती सांगताना वाक्यात "पण" येऊ देऊ नये. "मी तेव्हा मान फिरवली, पण तुझ्या आईने काय केले होते ते आठव" हे माफीचे वाक्य नाही, ते अर्धवट राहिलेल्या भांडणाचे पुढचे वाक्य आहे. त्याचप्रमाणे "जाऊ दे, तेव्हा आपण लहान होतो" असे दुसऱ्याने म्हणेपर्यंत आपण म्हणू नये, कारण लहानपणी झालेल्या अपमानाची सूट देण्याचा अधिकार ज्याचा अपमान झाला त्याचाच असतो. समोरच्याची हकिगत आपल्याहून वेगळी निघेल हे धरूनच चालावे. मला वाटत होते की आमचा अबोला जिन्यात सुरू झाला. त्याच्या लेखी तो त्यानंतर चार दिवसांनी सुरू झाला, जेव्हा त्याने खालून हाक मारली आणि मी घरात असूनही धाकट्या भावाकरवी "ती नाही" असे सांगितले. मला ही हाक आठवतही नव्हती. आम्ही हे बोलणे आठ महिने टाळले होते, आणि ते शेवटी साखरपुड्याच्या साड्या घेताना दुकानात झाले, जी त्यासाठी अगदी गैरसोयीची जागा आहे.

अबोला सुटल्यावर जी हुरहूर उरते ती प्रेमाची आहे की आठवणींची, हे तपासायला वेळ द्यावा. माणसाला दहा ते तीस या वयातील आठवणी पुढे जास्त ठळकपणे आठवतात असे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे, आणि ओळखीची गोष्ट नुसत्या पुनःपुन्हा दिसण्यानेही आवडू लागते हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. म्हणजे बालमित्राला पाहून जे भरून येते, त्यात त्या व्यक्तीचा वाटा किती आणि आपल्याच बालपणाचा किती, हे लगेच कळत नाही. याच्या उलट बाजूचीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अगदी लहान वयात सतत एकत्र वाढलेल्यांना पुढे एकमेकांविषयी शारीरिक ओढ वाटत नाही, असे फिनलंडचे अभ्यासक एडवर्ड वेस्टरमार्क यांनी १८९१ मध्ये मांडले होते. इस्रायलमधील किबुत्झ या सामूहिक वसाहतींत, जिथे एका वयाची मुले घराऐवजी बालगटात एकत्र वाढवली जात, वाढलेल्यांच्या २,७६९ लग्नांची जोसेफ शेफर यांनी पाहणी केली, तेव्हा एकाच बालगटातील मुलामुलींची लग्ने फक्त १४ निघाली, आणि त्यांतही जन्मापासूनची पहिली सहा वर्षे सलग एकत्र काढलेले जोडपे एकही नव्हते. या आकड्यांच्या अर्थावर पुढे वाद झाले, आणि चाळीतली मुले काही किबुत्झच्या मुलांसारखी रात्रंदिवस एकत्र नसतात; तरीही "इतकी वर्षे भावासारखा वाटला आणि आताच असे कसे वाटते" या अपराधी भावनेने जे कासावीस होतात, त्यांनी मधल्या दुराव्याने माणूस पुरेसा नवा होतो ही शक्यता जरूर विचारात घ्यावी.

तपासणी कशी करायची? किमान सहा महिने, ज्यात जुन्या आठवणी काढायच्या नाहीत असे काही दिवस मुद्दाम ठरवावेत. आताची नोकरी, घरची जबाबदारी, कर्जाचे हप्ते, राग आल्यावरचे वागणे, यांविषयी बोलायला काही उरते का ते पाहावे. दोघांपैकी कुणी विवाहित असेल, तर ही तपासणी चोरून करू नये. आधीचे नाते एक तर टिकवावे किंवा रीतसर संपवावे, आणि तोवर भेटी थांबवाव्यात. याबाबतीत मी कुणालाही सवलत देणार नाही.

मन व्यक्त करताना नकाराला वाट ठेवावी. "तुझे उत्तर नाही असले तरी आता मी बोलणे बंद करणार नाही" हे वाक्य आधी उच्चारावे आणि मग मनातले सांगावे, कारण एकदा गट्टी फू होऊन बसलेल्या माणसाला होकार-नकारापेक्षा पुन्हा अबोला पडण्याचीच धास्ती जास्त असते.

उरतो घरच्यांचा प्रश्न. दोन्ही घरे एकमेकांना ओळखतात हा फायदा आहे असे सगळे म्हणतात; प्रत्यक्षात ती एकमेकांच्या उणिवाही ओळखतात. जुन्या भांडणातल्या मोठ्यांना एकदम एका खोलीत बसवू नये. प्रत्येकाने आपल्या आईवडिलांना स्वतः, एकट्याने सांगावे आणि त्यांना गप्प राहायला काही दिवस द्यावेत. लहानपणी राखी बांधली होती अशी हरकत हमखास निघते, पण मानलेले नाते कायद्याने निषिद्ध नात्यांत मोडत नाही. सगोत्र असल्याची हरकत तर १९४६ च्या कायद्यानेच निकालात काढली आहे. नोंदणी पद्धतीने लग्न करायचे असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. त्यानंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावे लागते, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न व्हावे लागते. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ते निवडताना थोडे धाडस करायला हरकत नाही. आमच्या तिघांपैकी दोघी म्हणजे आम्हा दोघांच्या आया होत्या. सही करताना काकूंनी पेन माझ्या आईकडे मागितले, ते परत दिले नाही, आणि भिशीतला रुपया न रुपया लक्षात ठेवणाऱ्या माझ्या आईने ते मागितलेही नाही.